अवसऱ्यांमुळे शेळके पडल्या

मंचरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव आटोपतो, पट्ट्या मिळतात आणि मग समोरच्या टपरीवर दुसरा लिलाव सुरू होतो: मराठीतला थोर गीतकार कोण? कांद्याला निदान भाव तरी फुटतो. इथं नुसतीच बोली चढत जाते.

निवृत्त गुरुजींची बोली ठरलेली, जगदीश खेबूडकर. कारण वाङ्मयीन नाही, पेशाचं आहे. खेबूडकर शिक्षक होते. ‘पिंजरा’मध्ये (1972) तमाशाच्या पायी एक मास्तर धुळीला मिळतो आणि त्याला धुळीला मिळवणारी गाणी एका मास्तरानंच लिहिली, याचा गुरुजींना कोण अभिमान!

माडगूळकरांचा गट सोवळ्यातला. त्यांच्या लेखी गदिमा म्हणजे गीतरामायण. 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवर सुरुवात झाली, दर आठवड्याला एक नवं गीत. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गीतं 56 झाली. याच गदिमांनी ‘सांगत्ये ऐका’च्या (1959) लावण्याही लिहिल्या, एवढं कुणी म्हणालं की सोवळा गट चहा गार झाल्याची तक्रार करतो. नारायणगावकर मात्र तेवढ्याच लावण्यांवर गदिमांना आपल्यात ओढतात. शेवटी चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या जिथल्या राहुट्यांमध्ये फुटतात, ते गाव त्यांचं. तरी त्यांचा खरा उमेदवार पठ्ठे बापूराव. दोन लाख लावण्या! आकडा खुद्द बापूरावांनीच सांगितलेला, त्यामुळे तो उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राइतकाच विश्वासार्ह मानायचा.

नाशिककडे माल नेणारा एक टेम्पोवाला मध्येच वामनदादा कर्डकांचं नाव घेतो. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी, जन्म 1922 चा, अक्षरं शिकले ती मोठेपणी, आणि त्यांची भीमगीतं गावोगाव पोचली. यावर टपरीत कुणालाच प्रतिवाद सुचत नाही, म्हणून विषय बदलतो.

बदलून तो घरच्या उमेदवारावर येतो. शांता शेळके! घराणं इथलं, असं मंचरकर छातीठोकपणे सांगतात. जन्म इंदापूरचा, तोही 1922 चाच. इतका वेळ ही आठवण का झाली नाही, हे विचारायचं नसतं. पण मतं मोजायला घेतली आणि घोळ झाला. सेन्सॉर बोर्डावर असताना स्वतःच्या नावानं चित्रपटगीतं लिहिणं अडचणीचं, म्हणून शांताबाईंनी ‘वसंत अवसरे’ हे नाव घेतलं होतं. निम्म्या टपरीनं शेळक्यांना मत दिलं, निम्मीनं अवसऱ्यांना. आडनाव ऐकताच शेजारच्या अवसरीकरांनी उमेदवार आपलाच असल्याचं जाहीर करून टाकलं.

तेवढ्यात कुणीतरी परीक्षा घेतली. 2023 मध्ये राज्यगीत झालेलं गाणं कुणाचं? सगळे एका सुरात म्हणाले, शाहीर साबळे! ते गायक झाले. लिहिणारे राजा बढे. त्यांना एकही मत नाही, अनामतही गेली. त्यात नवल नाही. हा मुलूखच म्हणणाऱ्याची कदर करणारा: वेद म्हणून दाखवणाऱ्या रेड्याचीसुद्धा समाधी जवळच आळ्याला आहे.

कोपऱ्यातल्या डीजेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘आपल्याकडं शब्द ऐकूच येत नाहीत, त्यामुळं वाद नाही.’’

अखेर ठराव झाला: मतविभागणी टाळण्यासाठी वसंत अवसरे यांनी शांताबाईंच्या बाजूनं अर्ज मागे घ्यावा. निरोप घेऊन अवसरीला कोणी जायचं, यावरून नवा वाद लागला आहे.