दफ्तरकाका

"सगळं स्कॅन केलंय, आता चिंता नाही," असं कोणी म्हणालं की दफ्तरकाकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो. "स्कॅन कोणी केलं? मूळ कागदाशी कोणी ताडून पाहिलं? आणि त्यानंतर त्यात कोणाचा हात गेला नाही, हे कशावरून?" समोरचा घाईघाईने चहा मागवतो. काका चहा घेतात, प्रश्न मागे घेत नाहीत.

अभिलेखागारातली उमेदवारी त्यांनी पेशवे दफ्तराच्या रुमालांत काढली. जुन्या पत्रात मजकूर संपला की तिथेच शिक्का उठवत, खाली कोणी ओळ घुसडू नये म्हणून. कागद चिकटवून लांब केलेला असेल तर मागून सांध्यावर शिक्का. त्यामुळे कचेरीत संगणक आला तेव्हा काकांनी पहिला प्रश्न केला, "यात सांध्यावरचा शिक्का कुठे मारायचा?" बऱ्याच वर्षांनी एका पोराने त्यांना हॅश समजावला. फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली ६४ अक्षरी खूण. एक अनुस्वार पुसा, सगळी खूण बदलते. काका हरखले. गंडा बांधून घ्यायचा तेवढा राहिला.

घरच्यांचे हाल तेव्हापासून सुरू झाले. काकूंनी भाचीला अनारशांची कृती पाठवली, तर काका हजर. "यात आईचं किती आणि तुझी दुरुस्ती किती? दुरुस्तीची तारीख कुठंय?"

"अहो, गूळ कमी केलाय, गुन्हा नाही केला!"

लग्नाच्या फोटोंच्या तीन प्रती आहेत: एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक नाशिकला बहिणीकडे. तिन्ही घरात ठेवल्या तर आगीला ती एकच प्रत, असं त्यांचं म्हणणं. बहिणीला दर दिवाळीला फोन जातो. फराळाची चौकशी नंतर, आधी "डिस्क उघडते का?"

मुंजीच्या पंगतीतही ते बीबीसीची गोष्ट सांगतात. इंग्लंडात १०८६ साली झालेल्या नोंदवहीला, डूम्सडे बुकला, ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवी डूम्सडे लेसर डिस्कवर काढली. पंधरा वर्षांत ती वाचायला यंत्र शोधत फिरायची वेळ आली. जुनी वही अजून वाचता येते! इथे काका जिलेबी उचलतात.

पण त्यांचा खरा सल फाँटचा आहे. नव्वदच्या दशकात निरनिराळ्या मराठी फाँटांत टाइप केलेली पत्रं आज उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि उलट्यासुलट्या चिन्हांची पिसाळलेली गर्दी दिसते. "बाळाजी विश्वनाथाच्या काळची मोडी वाचणारा पुण्यात अजून भेटतो," काका म्हणतात, "आमच्या साहेबांचं शहाण्णव सालचं परिपत्रक वाचणारा दाखवा."

माणूस वैताग आणतो, हे खरं. पण कायदाही आता त्यांच्याच बाजूला जाऊन बसलाय. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशचा रकाना आहे. वकील पुतण्याने तो दाखवला, त्या दिवशी काकांनी सोसायटीत पेढे वाटले. कशाबद्दल, ते कोणालाच कळलं नाही.

निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी त्यांना जुन्या फोटोंचा पेनड्राइव्ह दिला. टाळ्या झाल्या. काकांनी तो उजेडात उलटासुलटा करून पाहिला, खिशातून पेन काढलं आणि हाराच्या कागदी पिशवीवर रीतसर पोच लिहून साहेबांच्या हातात दिली: "पेनड्राइव्ह नग १ मिळाला. आतील मजकुराबद्दल खात्री देता येत नाही."