चौदा लाइफचे चांगदेव

चांगदेवांच्या चौदाशे वर्षांच्या आयुष्याकडे आमच्या नगर जिल्ह्यात आजवर तीन प्रकारे पाहिलं गेलं: भक्तीने, संशयाने आणि परीक्षेपुरतं. माझ्या भाच्याने चौथा प्रकार काढला. “मामा, दर शंभर वर्षांनी काळ न्यायला यायचा, हे प्राण ब्रह्मांडी चढवून बसायचे, आणि काळ हात हलवत परत जायचा. असं चौदा वेळा. म्हणजे चौदा लाइफ झाल्या की!”

१९८५ च्या सुपर मारिओला सुरुवातीला तीनच लाइफ होत्या. गोदाकाठचा पुणतांब्याचा माणूस त्याच्या किती पुढे होता, हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं.

भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्यामुळे त्याच्याकडे अभ्यास सोडून सगळ्याला वेळ असतो. ‘गोडो’ नावाचं फुकट मिळणारं गेम इंजिन घेऊन त्याने चांगदेवांना उड्या मारायला लावलं. लाइफ जायची वेळ आली की एक बटण दाबायचं. काळ मागे फिरतो. मला यात मोठी योगविद्या वाटली होती, पण प्रकार कारकुनी निघाला. गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. दर चित्रात चांगदेव कुठे होते, वाघ कुठे होता, हे संगणक लिहून ठेवतो आणि बटण दाबलं की यादी उलटी वाचतो. २००८ साली जोनाथन ब्लो नावाच्या माणसाने ‘ब्रेड’ या गेममध्ये याच युक्तीवर जगाला वेड लावलं. पण त्याच्याकडे भिंत नव्हती. आमच्याकडे होती. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन चांगदेव निघालेत आणि समोरून ज्ञानेश्वरांसह चारही भावंडांना घेऊन भिंत चालत येतेय. चालत्या फळीवर उडी मारून उभं राहायचं, हा या गेमांचा प्राण. तो आपल्या आख्यायिकेत आयता बसला आहे.

गेम झाला, आता प्रतिक्रिया गोळा करायच्या. लोकांना गेम देणं सोपं असतं. प्रतिक्रिया मागितली की ते आपली प्रतिक्रिया देतात, गेमची नव्हे. ताई म्हणाली, “याला आंघोळीला वेळ मिळत नाही आणि हा काळ मागे फिरवतोय.” भाऊजींनी शांतपणे विचारलं, काळ याच्या बारावीच्या गणिताच्या पेपरापर्यंत मागे नेता येतो का. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी गेम न खेळताच चार फुलस्केप अभिप्राय लिहून दिला. त्यात संवादांतले ऱ्हस्वदीर्घ होते, चांगदेवांच्या दाढीची लांबी होती आणि एक जिल्हाभिमानी हरकत होती: भिंत आळंदीची घेतलीत, मग ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तो नेवाशाचा पैस खांब का नाही? भाचा म्हणाला, “गुरुजी, खांब हलत नाही हो.” गुरुजी म्हणाले, “हलवा.” भिंत चालवणाऱ्यांना त्यांनी हे सांगितलं असतं तर ठीक होतं.

मग आम्ही रेल्वेने थेट पुणतांब्यालाच गेलो. चांगदेवांच्या समाधीच्या गावात हा गेम टिकला तर कुठेही टिकेल, असा भाच्याचा हिशेब. पोरांनी फोन ओढूनच घेतला. पहिली लेव्हल निव्वळ खड्ड्यांची होती. ती त्यांनी न बघता पार केली. आमच्या भागातल्या पोरांना खड्डे चुकवायला शिकवावं लागत नाही. अडचण दुसरीकडे आली.

“दादा, उडी दाबली तरी पडतोय.”

“तू उशिरा दाबलीस. पाय कडेवरून सुटला होता.”

“मंग जरा सांभाळून घ्या ना.”

भाचा म्हणाला, नियम म्हणजे नियम. त्यावर ते पोरगं म्हणालं, “म्हाताऱ्याला चौदाशे वर्षं चालत्यात, आन् मला एवढुसंबी नाही?”

या वाक्यापुढे गुरुजींचे चारही फुलस्केप फिके पडले, असं माझं मत आहे. भाच्याने घरी येऊन शोधलं तर हे सांभाळून घेणं जगभर चालतं. त्याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात; कार्टूनमधला तो कोल्ह्याच्या जातीचा प्राणी कड्याबाहेर धावत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्याच्यावरून. २०१८ चा ‘सेलेस्ट’ हा गेम अवघडपणासाठी नावाजलेला, पण तोसुद्धा पाय सुटल्यावर सेकंदाचा दहावा भाग उडी मान्य करतो, आणि याची वाच्यता करत नाही. भाच्यानेही गुपचूप तेवढी सूट घातली. पुढच्या खेपेला पोरांनी सांगितलं, गेम तसाच आहे, आमचाच हात बसला.

पुणतांबा हे १ जून २०१७ ला शेतकरी संप सुरू करणारं गाव. तिथल्या एका काकांनी गेम बराच वेळ नुसता पाहिला. वाटेत कांदे गोळा करायचे होते.

“एवढे कांदे घेऊन करतो काय हा?”

“शंभर झाले की एक लाइफ मिळते, काका.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“म्हंजे हमीभाव आहे,” काका म्हणाले. “कुठंतरी आहे म्हणायचा.”

रेड्यांचा घोटाळा मात्र खरा बग होता. गेममध्ये रेडे दोन: एक पैठणचा, वेद म्हणणारा, दुसरा काळाचं वाहन. भाच्याने कंटाळा करून दोघांना एकच चित्र वापरलेलं. वेद ऐकायला थांबलेले भाविक मरत होते आणि काळापुढे लोक हात जोडून उभे राहत होते. आता पैठणच्या रेड्याला हार घातलाय.

बाकीच्यांनी फोनवर नुसता अंगठा पाठवला. चांगदेवांनीही ज्ञानेश्वरांना कोरंच पत्र धाडलं होतं. वयाने लहान, ज्ञानाने मोठा, मायना काय लिहावा कळेना. त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर गेलं. भाच्याने मात्र प्रत्येक अंगठ्याला “म्हणजे नक्की काय आवडलं?” असं विचारलं आणि आणखी एक अंगठा मिळवला.

सर्वाधिक तक्रारी शेवटच्या लेव्हलच्या. ती संपतच नाही, अडकते. ती अडकत नाही. चांगदेवांनी शेवटी मुक्ताबाईला गुरू केलं आणि काळाला चुकवणं सोडलं. म्हणून तिथे काळ येतो तेव्हा मागे फिरवायचं बटण दाबायचंच नाही, की गेम जिंकला. पण चौदा लाइफ ते बटण दाबत आलेला अंगठा ऐन वेळी थांबतोय होय! दाबलं की काळ मागे, पुन्हा काळ पुढे, पुन्हा दाबलं. नाइलाजाने भाच्याने पाटी लावली: ‘बटण दाबू नका.’ तेव्हापासून, जे चुकून थांबत होते तेही दाबायला लागले. गुरुजींनी सुचवलं की ‘नका’ला कोणी जुमानत नाही, ‘दाबू नये’ लिहा आणि खाली ‘हुकुमावरून’. तेही केलं.

पुणतांब्याच्या त्या पोराने पाटी मोठ्याने वाचली, बटण दाबलं, आणि मान वर करून विचारलं, “दाबायचं नव्हतं, तर मंग दिलं कशाला?”