डोळ्यांचा हिशेबनीस

डोळ्यांचा हिशेबनीस हा मराठी मध्यमवर्गातला जुना आणि चिवट गृहस्थ आहे. त्याला नंबर बहुधा पाचवी-सहावीत लागतो. "टीव्हीला नाक लावून बसतोस ना, भोग आता!" असे घरच्यांनी तेव्हाच सुनावलेले असल्यामुळे चष्म्याचा खर्च हा त्याच्या लेखी खर्च नसतो, दंड असतो. पुढे तो फ्लॅट घेतो, गाडी घेतो, पण डोळ्यांचे पैसे मोजताना वाहतूक पोलिसाला पावती मागणाऱ्या माणसाचा चेहरा करतो.

चष्म्याच्या दुकानात शिरण्याआधी तो बाहेरची पाटी वाचतो : 'फ्रेम 999 पासून'. त्यातले 'पासून' बारीक अक्षरात असते आणि याचा नंबर वाढलेला असतो. आत गेल्यावर काचांचे वेगळे, पातळ काचांचे त्याहून वेगळे, कोटिंगचे आणखी वेगळे. चाळिशी उलटलेली असेल तर प्रोग्रेसिव्हचा आकडा ऐकून तो आधी खुर्ची शोधतो. मग "जुन्याच फ्रेमला नव्या काचा बसवा की" हा त्याचा हुकमी पत्ता बाहेर येतो. त्या फ्रेमची नाकावरची बटणे हिरवी पडलेली असतात आणि एक काडी फेविक्विकच्या भरवशावर असते. काच बसवताना मोडली तर जबाबदारी तुमची, असे दुकानदार म्हणतो. मोडते.

हाच माणूस फ्रेमवर पन्नास रुपयांची घासाघीस करून ब्लू कटला मात्र मुकाट्याने पैसे देतो. दुकानदाराने निळ्या लेझरचा ठिपका साध्या काचेतून पलीकडे पाडून दाखवलेला असतो आणि ब्लू कटच्या काचेत तोच अडवून दाखवलेला असतो. समोर झालेल्या प्रयोगावर अविश्वास कसा दाखवायचा? 2023 साली कॉक्रेन या संस्थेने 17 चाचण्या एकत्र तपासल्या. संगणकामुळे डोळ्यांना येणारा थकवा या काचांनी बहुधा कमी होत नाही, असे त्यांतून निघाले. पण लेझर पेन दुकानात असते, कॉक्रेन नसते.

तपासणीच्या बाबतीत 'मोफत' या शब्दावर त्याची श्रद्धा आहे. सोसायटीतल्या शिबिरात तो पहिल्या रांगेत असतो. तिथे मिळतो तो नंबर. डोळ्यांतला दाब, बाहुली मोठी करून पाहिलेला पडदा, या गोष्टी नेत्रतज्ज्ञाकडे होतात आणि तिथे फी पडते. काचबिंदू बहुधा दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर सावकाश खातो आणि गेलेली नजर परत देत नाही. चाळिशीनंतर ही फी अधूनमधून द्यावी असे डॉक्टर सांगतात. "मला तर सगळं स्वच्छ दिसतं," हे हिशेबनिसाचे उत्तर असते आणि समोरचे खरोखरच स्वच्छ दिसत असते.

त्याची खरी प्रतिभा दिसते ती कॉन्टॅक्ट लेन्समध्ये. चष्म्यात फोटो चांगले येत नाहीत म्हणून तो लेन्स घेतो, आणि घेतो त्या महिनाभर चालणाऱ्या, कारण रोज फेकायच्या लेन्स ही त्याला श्रीमंतांची उधळपट्टी वाटते. महिना मोजायचा असतो तो पाकीट उघडल्या दिवसापासून. हिशेबनीस तो वापरांनी मोजतो : तीस दिवस म्हणजे तीस लग्ने. तुळशीच्या लग्नानंतर उघडलेली जोडी अक्षय्य तृतीयेपर्यंत जाते आणि उरलेले 'दिवस' पुढच्या मोसमासाठी डबीत मुक्कामाला राहतात. सोल्यूशन उघडल्यानंतर साधारण तीन महिन्यांत टाकायचे असते, डबीही तेवढ्याच अंतराने बदलायची असते. तो डबीतल्या कालच्या सोल्यूशनवर आजचे चार थेंब टाकतो, विरजण लावल्यासारखे. कधी बाटली संपली तर नळ आहेच. नळाच्या पाण्यातला अकँथामीबा हा सूक्ष्मजीव बुबुळात शिरला की उपचार महिनोन्‌महिने चालतात. त्या बिलात रोजच्या लेन्सची किती पाकिटे आली असती, हे गणित मात्र त्याच्या वहीत नसते. वर्षातून आठ-दहा वेळाच लेन्स घालणाऱ्याला रोज फेकायच्या लेन्सच स्वस्त पडतात. तीस लेन्सचे पाकीट, दोन्ही डोळ्यांचा नंबर एकच असेल तर पंधरा लग्ने, सोल्यूशन शून्य.

काटकसरीचे खरे दैवत त्याला ठाऊक नाही. 1961 च्या नाताळात चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी मुलांच्या मेर्कूर या खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरच्या टेबलावर मऊ लेन्स बनवल्या. एवढे कळले तर हिशेबनीस आधी माळ्यावरची सायकल काढील.

विम्याकडे तो शेवटी वळतो. हप्ता वर्षानुवर्षे भरलेला असल्यामुळे चष्मा त्यातून निघेल अशी त्याची खात्री असते. सर्वसाधारण पॉलिसीत चष्मा आणि लेन्स बसत नाहीत. नंबर घालवण्याच्या लेसर शस्त्रक्रियेचा खर्च 7.5 पेक्षा कमी नंबर असेल तर पॉलिसीबाहेर राहतो. त्याचा असतो उणे सहा. आपला नंबर कमी असल्याचे दुःख त्याला आयुष्यात पहिल्यांदाच होते. सरकारने 22 सप्टेंबर 2025 पासून चष्म्यावरचा आणि लेन्सवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आणला, तेव्हाही याने चष्मा घेतलेला असतो तो 20 तारखेला.

मोतीबिंदू तेवढा विम्यात बसतो, बहुतेक पॉलिसींत दोन वर्षे थांबल्यावर, आणि पुष्कळदा एका डोळ्याला अमुक रक्कम अशी मर्यादा ठेवून. आयात केलेल्या मल्टिफोकल भिंगाचा वरचा फरक खिशातून जातो, म्हणून तो साधे भिंग बसवून घेतो. निर्णय वाईट नसतो. लांबचे लख्ख दिसू लागते, फक्त वाचायला अडीचचा चष्मा लागतो. तो फुटपाथवर मिळतो. विक्रेता दीडशे सांगतो, हा शंभराला मागतो, एकशेवीसला व्यवहार ठरतो. यावेळी पाटीवरचे 'पासून' त्याने लांबूनच वाचलेले असते.