सिस्टर, एवढं शिकवाच

चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, वर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, असं सगळं रीतसर पदरात पाडून एखादी मुलगी करंजाडेतल्या भाड्याच्या खोलीतून पनवेल-कामोठ्याकडे पहिल्या ड्युटीला निघते, तेव्हा सलाईन कसं लावावं याचं दहा मार्कांचं उत्तर तिला तोंडपाठ असतं. अडचण एवढीच, की समोरच्या आजोबांच्या शिरेने ते पुस्तक वाचलेलं नसतं. सुई टेकली की शीर सरकते. मग सीनियर सिस्टर येतात. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवून शीर चाचपतात, अंगठ्याने कातडी खाली ताणून धरतात आणि आजोबांच्या नातवाच्या लग्नाची चौकशी संपायच्या आत कॅन्युला बसवून मोकळ्या होतात. कसं जमलं विचारलं, तर म्हणतात, ‘जमतं हळूहळू.’ पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन संशोधिकेने 1984 साली नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. वरच्या पायरीवरच्या नर्सला पुष्कळदा आपल्याला कळतं ते कसं कळतं हे सांगता येत नाही, असं त्यांचं निरीक्षण. जे सांगता येत नाही त्याच्या नोट्स निघत नाहीत. ते शेजारी उभं राहूनच घ्यावं लागतं. म्हणून माझं म्हणणं, की हे उभं राहणं ड्युटीच्या तक्त्यात लिहा. सरकारी पदनामांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी भारदस्त उतरंड आहे. तक्त्यात मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट, ऑफ आहे. शिकवण्याचा रकाना मात्र शोधावा लागतो.

यावर पहिला आक्षेप घरंदाज आहे: ‘आम्हाला कोणी शिकवलं? ओरडा खाऊनच शिकलो.’ सासूने छळलं म्हणून सुनेला छळायचं, त्यातलाच हा प्रकार. ओरड्याने माणूस एकच गोष्ट पक्की शिकतो, ती म्हणजे पुन्हा न विचारणं; आणि डोसबद्दल न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेवटी पेशंटला द्यावं लागतं. दुसरा आक्षेप, ‘शिकेल आणि आखातात जाईल.’ जाईना! पण तिकडेही अनुभवाचा दाखला मागतातच. म्हणजे तो मिळेपर्यंत ती आपल्याच दंडाला बीपीचा पट्टा बांधणार. तिसरा आक्षेप मात्र खरा: वेळ कुठे आहे? साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तीनमागे एक, हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण भरलेल्या वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवलं, तर नाइटच्या सिस्टरांना तेवढीच करमणूक. पण यावरून शिकवणं सोडावं असं ठरत नाही. फुकटात मागू नये एवढंच ठरतं. तेव्हा व्यवस्थापकांनो, नव्या सिस्टरच्या नावापुढे पहिले तीन महिने एका सीनियरचं नाव लिहा, त्या सीनियरच्या वाटचे दोन पेशंट कमी करा आणि या कामाचा भत्ता द्या. 12 मेच्या परिचारिका दिनाचा गुलाब नाही दिलात तरी चालेल.