बसायचं कसं?

आळंदीहून पंढरपूरला पळत यायला जेवढं बळ लागतं, त्याहून जास्त पंढरपुरात पोचल्यावर खाली बसायला लागतं. पालखीचा रस्ता आम्ही चौघांनी वाटून घेतला होता. दिवे घाटाचा चढ ज्याच्या वाट्याला आला, त्याने तो लोणंदपर्यंत आम्हाला ऐकवला. माझ्या नशिबी वेळापूरच्या अलीकडचा उतार. इथून तुकोबांना कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. म्हणून आषाढीला इथे सगळ्या दिंड्या ‘धावा’ करतात. डोईवर तुळस घेतलेल्या आज्यासुद्धा पळतात.

उतार पाहून माणूस खूश होतो, मांड्या होत नाहीत. ताणले जात असतानाच स्नायूंना अंगाचं ओझं तोलावं लागतं, त्यांना बारीक बारीक इजा होतात आणि बिल दुसऱ्या दिवशी येतं. तिसऱ्या दिवशी व्याजासकट. “लॅक्टिक ॲसिडला लोक उगाच बदनाम करतात, ते तर तास-दोन तासांत निघून जातं,” आमच्यातला डॉक्टर सांगत होता. भिंत धरून.

वाखरी मागे टाकून आम्ही गावात शिरलो ती माघी दशमीची संध्याकाळ. चौघेही कमरेवर हात ठेवून धापा टाकत ओळीने उभे. एक म्हातारेबुवा थांबले, निरखून बघत म्हणाले, “माऊली, असा उभा राहणारा आत एक हाय की!” आणि कपाळाला बुक्का लावून पुढे गेले. पदक म्हणून मिळालं ते एवढंच, पण त्यासाठी मान वाकवावी लागली नाही, हे महत्त्वाचं.

कारण वाकण्याचं संकट पुढेच होतं. वारकरी भेटला की पाया पडतो, आणि तो पडला की आपणही पडायचं. एरवी किती सुंदर रीत! पण माघी वारीच्या गर्दीत दर दहा पावलांवर एक माऊली वाकते, आणि आपण गुडघ्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. शेवटी मी लांबूनच हात जोडत सुटलो. निवडणुकीला उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

एकादशीला चंद्रभागेचं स्नान. पळून आलेले लोक शहरात पैसे मोजून बर्फाच्या टबात बसतात. इथे माघातली नदी फुकट. फक्त महाद्वार घाटाच्या पायऱ्या उतरायच्या. चढता येत होतं, उतरणं अशक्य. म्हणून आम्ही चौघे देवळाकडे तोंड करून, उलटे, एकेक पायरी उतरलो. एका आजींनी सुनेला कोपराने ढोसलं. “बघ, देवाला पाठ दाखवत न्हाईत. अन् तू!” सुनेने आमच्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही.

विजयाच्या मेजवानीचे बेत फलटणपासून चालू होते. एकाला तर स्वप्नात अंडाभुर्जी दिसायची. पंढरपुरात, एकादशीला! धर्मशाळेच्या काकूंनी साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी आणि उकडलेली रताळी वाढली. पिष्ट आणि मीठ, दोन्ही भरपूर, डॉक्टर प्रसन्न. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण कुणा पळणाऱ्याचीच असणार. जेवलो मात्र उभ्याने, ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून.

मग मालिश. पोटऱ्यांवर फिरवायचा रोलर सामानाच्या टेम्पोबरोबर पुण्याला परत गेलेला. डॉक्टरची नजर स्वयंपाकघरात गेली. एकादशी असल्यामुळे पोळ्या नव्हत्या, आणि पोळ्या नाहीत म्हणून लाटणं रिकामं होतं. तिळाचं तेल लावून ते आठही पायांवरून फिरलं. कुणीतरी सुखाने “विठ्ठल, विठ्ठल” म्हणालं, तेवढ्यात काकू पाणी घ्यायला आत आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. न बोलणाऱ्या काकूंना मी फार भितो.

द्वादशीला पारणं, पुरणपोळीचं. पंगतीला आम्ही पाय पसरून बसलो; बसवले गेलो म्हणा. पहिली पोळी ताटात पडली, वर तुपाची धार. कुणी घास उचलेना. शेवटी डॉक्टरने विचारलं, “काकू, लाटणं...?”

काकूंनी पदराखालून ते काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. “हे तुमचं. पोळ्या शेजारणीच्या लाटण्यानं लाटल्यात. साठ रुपये देवाच्या पेटीत टाका.”

डॉक्टर इतका भारावला की उठून थेट काकूंच्या पाया पडायला वाकला. त्याला पुन्हा सरळ करायला आम्ही तिघे धावलो. म्हणजे भिंत धरून निघालो.