ड्रिलवाले सर

बीडमधल्या कुठल्याही नव्या नगरात जा, अंबाजोगाईच्या कॉलनीत जा, नाहीतर माजलगावात. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास 'घर्रर्र' असा आवाज येतोच. त्या आवाजाच्या मागे जो माणूस असतो तो सुतार नसतो, वायरमनही नसतो. तो जिल्हा परिषदेचा निवृत्त मुख्याध्यापक असतो, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कॅशियर असतो, नाहीतर एसटीतला माजी वाहतूक नियंत्रक. गल्ली त्याला 'ड्रिलवाले सर' म्हणते. आमच्याकडे 'सर' व्हायला शाळेत शिकवावं लागतंच असं नाही. इस्त्रीची पँट आणि ठाम मत एवढ्यावर भागतं.

सरांच्या घरात एक लोखंडी कपाट असतं. पूर्वी त्यात काकूंच्या साड्या होत्या. आता वरच्या कप्प्यात इम्पॅक्ट ड्रिल, त्याखाली रोटरी हॅमर, मग चार इंची ग्राइंडर, जिगसॉ, ब्लोअर आणि बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर. साड्या दिवाणात गेल्या. काकूंची त्याबद्दल तक्रार नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की, स्वयंपाकघरातली मांडणी अजून जमिनीवर का आहे? नगर-बीड-परळी रेल्वे नव्वदच्या दशकात मंजूर झाली आणि 17 सप्टेंबर 2025 ला बीडपर्यंत येऊन पोचलीसुद्धा. मांडणी अजून भिंतीवर पोचायची आहे.

सरांचा खरा जीव खरेदीत. म्हणजे पैसे देऊन वस्तू घेण्यात नव्हे, निवडण्यात. एक ड्रिल घ्यायचं तर दिवाळीच्या आधी विषय निघतो आणि संक्रांतीला तिळगूळ देतानाही तो चालूच असतो. पुण्याला लेकीकडे गेले की नातवाला शनिवारवाडा दाखवायला म्हणून बाहेर पडतात आणि दोघेही रविवार पेठेत बोहरी आळीत सापडतात. परत आले की सुभाष रोडवरच्या दुकानदाराची परीक्षा सुरू. ''600 वॉट घ्यावं का 850? चक दहाचा की तेराचा?'' दुकानदार विचारतो, ''सर, पाडायचंय काय?'' सर म्हणतात, ''कॅलेंडर लावायचंय.'' आता सर दिसले की दुकानदार जेवायला जातो. सकाळी साडेदहालासुद्धा.

पण सरांचं ज्ञान खोटं नसतं, हे कबूल करायला हवं. ते सांगतात, इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडतात, जोर आपल्याला लावावा लागतो. विटेच्या भिंतीला तेवढं पुरतं. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबावर दट्ट्या आपटतो, ठोकायचं काम मशीनच करतं. स्लॅबला आणि बीमला तेच लागतं. लाकडाच्या बिटला मधे टोक असतं, काँक्रीटच्या बिटच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची पाचर असते. ग्राइंडरच्या पानावर मुदत छापलेली असते आणि ती औषधाच्या मुदतीसारखीच पाळायची असते. सगळं शंभर टक्के बरोबर. बॉश कंपनी घरगुती वापराची हत्यारं हिरव्या रंगात काढते आणि कारागिरांची निळ्या, हेही सरांकडूनच कळतं. सरांकडे अर्थातच निळं. ''हिरवं घरगुती असतं,'' असं ते ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात पूर्वी ते 'ढ' तुकडीबद्दल बोलायचे.

ड्रिल हातात आलं की माणूस जरा ताठ उभा राहतो, त्यालाही कारण आहे. ब्लॅक अँड डेकरने 1917 मध्ये पेटंट घेतलं ते पिस्तुलासारखी मूठ आणि खटका असलेल्या ड्रिलचं. तेव्हापासून जगभरची ड्रिलं त्याच घाटाची. आमच्या जिल्ह्यात तसल्या मुठीची हौस किती, हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सरांच्या मुठीला परवाना लागत नाही, एवढाच फरक.

मग तो दिवस उगवतो. सरांच्या घरी भोक पाडणं हे एकट्याचं काम नाही. काकूंनी खाली सूप धरायचं, धूळ फरशीवर सांडता कामा नये. नातवाने मोबाइलची बॅटरी दाखवायची. शेजाऱ्याने स्टूल धरायचं. सर पाणसळ लावतात, पेन्सिलने फुली मारतात, चष्मा बदलतात. संरक्षक गॉगल कपाळावर चढवतात. तो डोळ्यांवर आलेला अजून कोणी पाहिलेला नाही. मग कळतं की चकची चावी नाही. ती वायरीला सुतळीने बांधलेली असते, पण हे शेवटी आठवतं. चावी सापडते तोवर लाइट जाते. सगळे चहा पितात. लाइट येते. घर्रर्र सुरू होतं, आणि पाच मिनिटं झाली तरी भिंतीला नुसता काळा ठिपका.

''सिमेंट लई पक्कं आहे,'' सर घाम पुसत म्हणतात. ''माझ्या देखरेखीखाली बांधलेलं घर आहे.''

एवढ्यात मीटर बघायला आलेला वायरमनचा पोरगा दारातूनच सांगतो, ''सर, मशीन उलटं फिरायलंय.''

मुठीजवळची ती बारकी कळ नातवाने सकाळी खेळताना फिरवलेली असते. सर नातवाकडे बघतात, नातू काकूंकडे, काकू सुपाकडे. कळ सरळ होते, बिट लोण्यात जावं तसं आत जातं आणि थेट भिंतीतल्या पाइपाला भेटतं. बीडमध्ये नळाला पाणी कधी येईल हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. सरांनी ते बैठकीत, सोफ्याच्या बरोबर वर, रविवारी आणून दाखवलं. शेजारणी कळशी घेऊन आल्या, हे मात्र मागून जोडलेलं असावं.

गावाकडच्या जुन्या वाड्यावर सरांनी एकदाच हात आजमावला. माळवदाचं घर, भिंतीला बाहेरून काळा दगड, आत पांढरी माती. दगडावर बिट लाल झालं, ठिणग्या उडाल्या. मग सर आतल्या बाजूने भिडले. भोक सहा एमएमचं ठरलं होतं, पण माती घळाघळा गळायला लागली आणि उंदराला सहकुटुंब राहता येईल एवढं बिळ तयार झालं. त्यात गिट्टी बसेना तेव्हा सरांनी दोन गिट्ट्या बसवल्या, मग चार, मग कागद कोंबला. चुलत्यांनी शेवटी बोरीची खुंटी तासून ठोकली. तिच्यावर आज कंदील आहे, छत्री आहे आणि चुलत्यांचा सदरा आहे.

या सगळ्यात हसण्यावारी न्यायची नाही अशी एकच गोष्ट आहे, ग्राइंडर. चार इंची पान मिनिटाला अकरा हजारांच्या घरात फेरे घेतं. त्याचं कव्हर 'आडवं येतं' म्हणून काढून ठेवणारे आणि त्यावर लाकूड कापायचं दातेरी पान चढवणारे सर मी पाहिले आहेत. गळ्यात वर आणि गमछा. अशा घरातून मी चहा न घेता निघतो.

बागेकडे वळू. सरांनी गवत कापायचं मशीन घेतलं ते पेट्रोलवरचं, टू-स्ट्रोक, खांद्याला अडकवायचं. 2019 च्या दुष्काळात ज्या जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या लागल्या होत्या, त्या जिल्ह्यात गवत जास्त झालं म्हणून मशीन घेणारा माणूस आशावादीच म्हणायचा. अंगणात उगवतं ते काँग्रेस गवत आणि हरळी. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं यावर सर व्यापाऱ्याशी, मेकॅनिकशी आणि छापील पुस्तिकेशी भांडले. शेवटी स्वतःच्या मताने घातलं. त्या धुराने डास गेले. हरळी आहे.

शेतात मात्र सरांच्या हौसेला आधार आहे. बालाघाटाच्या उतारावर त्यांची सीताफळं आहेत. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून सर झाडांना 'मानांकित' म्हणतात. सीताफळाची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत करायची आणि नेमके तेव्हा गावातले हात ऊसतोडीला गेलेले असतात, सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयतेच्या कोयते फडावर. गावात उरतात म्हातारे, शाळकरी पोरं आणि ड्रिलवाले सर. तेव्हा बॅटरीवरची छाटणी कात्री घेण्यात काही चूक नव्हती. बोटाएवढी फांदी ती कचकन तोडते, मनगट दुखत नाही. सरांनी पहिल्या दिवशी तीन झाडं केली आणि चौथ्यासमोर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी बॅटरी चार्ज नव्हती. तिसऱ्या दिवशी शेतात लाइट रात्रीची होती. छाटणी लांबत लांबत पाडव्यावर गेली. फडावरून परतलेले मामा बांधावरून हा सोहळा बघत होते. सरांनी मोठ्या मनाने कात्री त्यांच्या हातात दिली. मामांनी चार-दोन फांद्या तोडल्या, यंत्र उलटसुलट करून पाहिलं, तोवर तिची बॅटरी संपली.

''मशीन ब्येस हाय, सर,'' मामा म्हणाले. ''चार्जिंगला लावून या. तवर मी उरकतो.''

सर चार्जिंग करून आले तेव्हा मामा फांद्यांची मोळी बांधत होते.

तरीही सरांबद्दल वाईट बोलू नका. गल्लीतल्या निम्म्या घरांचे पडदे, घड्याळं आणि देवघरं सरांच्या मशीनवर लागलेली आहेत. थोडी तिरकी असतील, पण लागलेली आहेत. सर मशीन कोणालाही देतात, अट एकच, ते स्वतः बरोबर येणार. तेव्हा घरात चार भोकं पाडायची असतील तर ड्रिल विकत घेऊ नका, आधी गल्लीत चौकशी करा. गिट्ट्या-स्क्रू आपले न्या, मशीन हातात आलं की ती बारकी कळ स्वतः बघा, आणि सर यायच्या आधी घराच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवा.