काठावरच्या तज्ज्ञ मंडळास

प्रति,
सन्माननीय निरीक्षक मंडळ,
कट्टा, चिवला किनारा, मालवण.

विषय : निवृत्त चाकरमान्याने ऐन साठीत समुद्रात उतरण्यास आपण घेतलेल्या हरकती.

महोदय,

आपल्या हरकती तोंडी, परंतु मोठ्या आवाजात प्राप्त झाल्या. "ह्या वयात पेवूक कित्याक जातंस?" ही पहिली, "दर्याचो भरवसो नाय" ही दुसरी, आणि माझ्या पोटाविषयीची तिसरी. तिसरी मान्य. मात्र तरंगताना हेच पोट कामी येतं, याची नोंद घ्यावी.

दर्याचा भरवसा नाही, हे खरंच. म्हणून तर मी वारा बघून उतरतो, खडकांकडे जात नाही, आणि पावसाळ्यात पाण्याच्या वाटेला जात नाही. ओढ लागलीच तर तिच्याशी झुंजायचं नाही, काठाला समांतर पोहत तिच्यातून बाहेर पडायचं, हेही ठाऊक आहे. आपला भरवसा मात्र पक्का. बारा महिने, कुठल्याही वेळी, आपण कट्ट्यावर असताच.

मी कधी सातला उतरतो, कधी नऊला, सबब मला वेळेचं भान नाही, असंही आपलं निरीक्षण आहे. भरती रोज पाऊणएक तास उशिरा येते. हा चंद्राचा कारभार आहे. तक्रार तिकडे करावी.

खरं तर मंडळातल्या निम्म्या सदस्यांना आणि मला एकाच विहिरीत ढकललं गेलं होतं. कमरेला दोन असोले सुके नारळ, वर काकांची आरोळी, "पाय मार रे!" एके दिवशी ते नारळ गुपचूप सोडले गेले आणि आपण तसेच पोहत राहिलो. पुढे मुंबईत लोकल आणि कर्जाचे हप्ते यांत हातपाय मारणं चालूच होतं, फक्त पाणी नव्हतं.

इतक्या वर्षांनी पहिल्यांदा उतरलो तेव्हा पोटावर लाट आपटली आणि तोंडून आईची आठवण निघाली, ती आपण ऐकलीच असेल. नाकात खारं पाणी गेलं, घसा जळला. पण छातीएवढ्या पाण्यात अंग पुढे झोकलं आणि हात आपोआप सुटला, मान श्वासासाठी आपोआप वळली. गुडघा कुरकुरेनासा झाला. दमल्यावर उताणा पडलो. खारं पाणी गोड्यापेक्षा जड, त्यामुळे ते विहिरीपेक्षा जास्त उचलून धरतं. कान पाण्याखाली गेले. कट्ट्यावर आपली तोंडं हलताना दिसत होती, शब्द एकही ऐकू येत नव्हता. मालवणात एवढं सुख दुसरीकडे कुठे मिळतं, मला तरी माहीत नाही.

दर डिसेंबरात याच चिवल्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते, अर्ध्या किलोमीटरपासून दहा किलोमीटरपर्यंत. ज्यांच्या जिल्ह्यात समुद्र औषधालाही नाही, ते येऊन पोहतात. त्यांत साठी ओलांडलेलेही असतात. तेव्हा आपण भजी खात टाळ्या वाजवता. तिकडे तारकर्लीला पर्यटक पैसे मोजून पाण्याखालचे मासे बघून येतात. आणि आपण? 'सी व्ह्यू' म्हणून खोली भाड्याने देणार, आणि स्वतःचे पाय भिजवणार ते नारळी पौर्णिमेला, नारळ वाहण्यापुरते. घरासमोरचा एवढा दर्या आपण पाहुण्यांसाठी राखून ठेवलाय, दिवाणखान्यातल्या कपाटातल्या कपबशांसारखा.

तरी यापुढे आपल्या हरकती पाण्यात उतरून, किमान कमरेएवढ्या खोलीवर, समक्ष नोंदवाव्यात. कोरड्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.

कळावे,
आपला,
भिजलेला

ता. क. : असोले नारळ माझ्याकडे तयार आहेत. दोरी ज्याने त्याने आपापल्या कमरेच्या मापाने आणावी.